शेवटच्या फेरीतला पैरा

गणिताच्या बाई म्हटल्यावर गावातली माणसं जेवणावळीला किती पानं उठतील याचा अंदाजही मलाच विचारतात. त्यामुळे रोबोंच्या स्पर्धेचं परिपत्रक आमच्या हायस्कुलात आलं तेव्हा विज्ञानाच्या सरांनी ते उलटून पाहायचीही तसदी घेतली नाही. "बाई, आकडेमोडीचं काम दिसतंय, तुमचंच हे," असं म्हणाले आणि चहाला निघून गेले. मी घरचा मिक्सरसुद्धा कधी उघडून पाहिलेला नाही. पण नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत दहावीची चार पोरं दारात येऊन उभी राहिली होती, आणि पोरांसमोर मला येत नाही म्हणायचा माझा स्वभाव नाही.

निपाणीहून संकेश्वरकडे जाताना हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. शाळा मराठी माध्यमाची. एका संस्थेने दोन वर्षांपूर्वी सुट्या भागांची दोन खोकी दिली होती, चाकं, मोटारी, दातेरी चक्रं, बॅटऱ्या. ती प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपाआड होती, कारण पोरांनी हात लावला तर मोडतील अशी आमच्या हेडमास्तरांना भीती. खोकी उघडली तेव्हा आत झुरळांचा संसार निघाला. तो हलवून पोरांनी कामाला सुरुवात केली.

चौघांत तीन मुलगे आणि एक मुलगी. हे लिहिते आहे ते त्या मुलीबद्दल. रोबो चालवायची ती. फार बोलायची नाही. फळ्यावर माझं काही चुकलं तर ती हात वर करत नसे; नुसती वहीकडे बघत बसे, आणि तिची मान वर आली नाही की मी मागे वळून माझंच गणित पुन्हा तपासत असे. इतकी वर्षं शिकवतेय, असं मूल हाती लागणं सोपं नाही.

परिपत्रकात शेवटी एक ओळ होती. जानेवारीतली मोठी स्पर्धा बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात होणार होती, आणि तिथे जिंकणाऱ्या दोन शाळांच्या संघातल्या दहावीच्या मुलांना त्या कॉलेजच्या डिप्लोमाला जागा मिळणार होती, फीशिवाय, होस्टेलसकट. मी ती ओळ वर्गात वाचून दाखवली. मुलगे हसले. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. थोडं रान, आणि हंगामात कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. पायरीवर चप्पल काढून व्हरांड्यात उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"बाई, दहावीनंतर तिला निपाणीला कॉमर्सला घालायचं ठरलंय. चुलतबहीण जातीया, तिच्यासंगं बस हाय. बेळगावात होस्टेलला ठेवायचं आमास्नी झेपत न्हाय. पर ती म्हणतीया फुकट जागा हाय. मिळवली तर मी आडवा यायचो न्हाय. हे तिच्यासमोर सांगतोय."

ती मागेच उभी होती. वडील गेल्यावर मी विचारलं, "तुला खरंच जायचंय?"

"व्हय बाई. मला मशीनचं शिकायचं हाय. कॉमर्स न्हाय करायचं मला." एवढंच म्हणाली, पण मला तेवढं पुरे होतं. त्या दिवसापासून ती एक जागा मिळवायची, एवढाच माझा धंदा झाला.

खेळ असा होता. चौकोनी आखाड्यात चार रोबो, दोन आपल्या बाजूचे आणि दोन समोरचे. खाली स्पंजचे चेंडू विखुरलेले. चेंडू उचलून बुटक्या पेटीत टाकला तर दोन गुण, उंच टोपलीत टाकला तर पाच. वेळ संपताना मधल्या चौथऱ्यावर चढून उभं राहिलं तर एकदम मोठे गुण. सुरुवातीच्या सामन्यांत जोडीदार चिठ्ठ्या टाकून मिळतो. मग पहिल्या चार नंबरांच्या शाळा आपापला जोडीदार स्वतः निवडतात, आणि बाद फेरी सुरू होते.

मुलग्यांना उंच टोपलीचं वेड लागलं. त्यासाठी त्यांनी रोबोला एक लांबलचक हात बसवला होता. मी म्हटलं, ठीक आहे, टाकून बघू. आठवडाभर टाकले. फरशीवर खडूने एका बाजूला पडलेले आणि एका बाजूला हुकलेले, अशा रेघा ओढत गेलो. रेघा मोजल्यावर दिसलं ते इतकंच, की तीन टाकावेत तेव्हा एक पडतो. म्हणजे तीन फेऱ्यांत पाच गुण. त्याच तीन फेऱ्या बुटक्या पेटीत केल्या तर सहा, आणि तिथली फेरी लवकर उरकते ते वेगळंच.

"पर बाई, वर पडला की टाळ्या पडत्यात," त्यातला एकजण कुरकुरला.

"टाळ्यांना किती गुण आहेत ते परिपत्रकात दाखव मला."

तो फुगून बसला. मुलीने काही न बोलता पाना घेतला आणि तो लांब हात स्वतःच उतरवून कपाटावर ठेवला. चौथऱ्यावर चढणं आमच्या मोटारींना जमण्यासारखं नव्हतंच. त्यामुळे मी ठरवून टाकलं की जे आपल्याला येत नाही ते जोडीदाराकडून घ्यायचं. आपल्यासारखाच पेटी भरणारा दुसरा रोबो घेतला तर दोघं एकमेकांच्या पायांत येणार. आपल्याला हवा तो चढणारा. सगळा हंगाम मी या एका वाक्यावर बेतला होता.

स्पर्धा तीन होत्या. नोव्हेंबरात बेळगाव, डिसेंबरात हुबळी, आणि जानेवारीत पुन्हा बेळगाव, ती खरी. हुबळीला जायची पोरांना भारी हौस. पण आम्ही रोज सरावानंतर आखाड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रोबो पळवून घड्याळ लावत होतो, आणि कागदावरची वेळेची रेघ हळूहळू चढत चालली होती. मोटारी दमत होत्या. हुबळीला खेळवलं तर जानेवारीत रोबो म्हातारा झालेला असणार. शिवाय दहावीचं वर्ष. मी हुबळी खोडली. पोरं दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीत. मी म्हटलं, बोलू नका, अवघड गणितं तेवढी सोडवा.

नोव्हेंबरात बेळगावला गेलो. रोबो वाकळेत गुंडाळून खोक्यात घातला होता, आणि बसमध्ये कंडक्टरने आत काय आहे म्हणून विचारलं तर पोरांनी कोंबडं म्हणून सांगितलं. स्पर्धेच्या हॉलमध्ये मात्र सगळ्यांची तोंडं बंद झाली. माइकवर कानडी आणि इंग्रजी, मुलांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट, आणि टेबलाटेबलांवर आमच्या सबंध शाळेत नाहीत एवढी हत्यारं. तरी पेटीचं गणित बरोबर चाललं. आम्ही हळूहळू वर सरकत होतो आणि शेवटचा एक सामना जिंकला की वरच्या चारांत.

त्याच वेळी आमच्या डाव्या चाकाची मोटार जळाली. वास सुटला, आणि मुलीने रोबो उचलून छातीशी धरला. आम्ही टेबल-टेबल फिरलो. कुणाच्या मोटारी वेगळ्या जातीच्या, कुणी द्यायला तयार नाही, कुणी विचारून सांगतो म्हणून गेलं ते परत आलंच नाही. हॉलच्या पार शेवटी, संडासाच्या दाराजवळ, कणकुंबीकडच्या एका शाळेचं टेबल होतं. त्यांचीही खोकी त्याच संस्थेची, म्हणजे मोटार आमच्यासारखीच. त्यांच्याकडे जादा मोटार एकच होती आणि त्यांचेही सामने अजून राहिले होते.

त्यांची कप्तान दोन वेण्यांची, काडीसारखी मुलगी. आमच्या मुलीने काय झालं ते सांगितलं. त्या कप्तान मुलीने एकवार आपल्या सरांकडे पाहिलं, पिशवीतून मोटार काढली आणि आमच्या मुलीच्या हातावर ठेवली.

"घ्या. पैरा समजा," म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. त्या हॉलमध्ये तो शब्द ऐकून हसूच आलं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: पैरा म्हणजे शेतातल्या कामाची फेड. आज तुम्ही आमच्या रानात लावणीला या, उद्या आम्ही तुमच्या रानात येतो. माझ्या माहेरीही चालायचा. त्यात पैसा नसतो, आणि एक गोष्ट पक्की असते, की पैरा वस्तूने फिटत नाही. तुमच्या बांधावर कुणी दिवसभर राबून गेलं आणि तुम्ही त्याला जेवू घातलं, वर टोपी-उपरणं केलं, तरी तो दिवस तसाच उभा राहतो. तो त्याच्या रानात जाऊनच फेडायचा.

त्या मोटारीवर आम्ही शेवटचा सामना जिंकलो आणि चौथे आलो. पुढे बाद फेरीत हरलो, पण सरावाच्या स्पर्धेत चौथा नंबर म्हणजे आमच्यासाठी दिवाळीच. मधल्या वेळात त्या शाळेची स्वतःचीच एक मोटार गेली. जादा होती ती आमच्याकडे. त्यांचा रोबो एका चाकावर घाण्याच्या बैलासारखा जागच्या जागी फिरत राहिला. वरच्या पायऱ्यांवर बसलेली काही पोरं खिदळली. आमची मुलगी कठड्याला धरून सामना संपेपर्यंत बघत उभी होती. मी तिला हाक मारली, बॅटऱ्या आवर म्हणून.

निघताना मी त्यांच्या सरांना मोटार परत केली, आभार मानले, आणि पोरांसाठी कुंद्याच्या मिठाईचा डबा दिला. माझ्या दृष्टीने विषय तिथे संपला.

डिसेंबरात हुबळीला गेलोच, पण रोबो न घेता. मी, ती मुलगी आणि एक मुलगा, तिघं पेन्सिली घेऊन सकाळपासून पायऱ्यांवर बसलो. कोण किती चेंडू टाकतो, कोण मधेच थांबतो, कोण चढतो. कणकुंबीकडची ती शाळाही खेळत होती. एका शाळेच्या सरांनी विचारलं, "तुमचा रोबो कुठाय?" मी म्हटलं, "घरी झोपलाय." त्यांना वाटलं असेल, बाई जरा हुकल्या आहेत. पण तिथेच आम्हाला आमचा जोडीदार सापडला. हुबळीच्याच एका शाळेचा बसका, कुरूप रोबो. दरवेळी चौथऱ्यावर चढत होता, एकदाही न घसरता. पण चिठ्ठीत त्याला असे जोडीदार मिळत होते की नंबर पार खाली. नंबर बघणाऱ्याला तो दिसणारच नव्हता. आम्ही नंबर बघत नव्हतो, तो स्वतः काय करतो ते बघत होतो. मला एवढा आनंद झाला की मी पोरांना चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला घातलं. परतीच्या बसमध्ये मुलगी मांडीवर कागद घेऊन काहीतरी करत होती. मला वाटलं, आकडे नीट उतरवतेय.

जानेवारीच्या स्पर्धेत पेटीचं गणित पुन्हा चाललं. जळालेल्या मोटारीच्या जागी संस्थेने नवी पाठवली होती, आणि हुबळी न खेळल्यामुळे बाकीच्याही दमल्या नव्हत्या. दुपारपर्यंत आम्ही तिसरे. आणि हुबळीचा तो बसका रोबो, अगदी माझ्या मनासारखा, पार खालच्या नंबरांत. म्हणजे आमच्या आधी निवडणाऱ्या दोघांच्या नजरेत तो भरणार नव्हता. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं: तो घेतला तर चार वेळांतून तीन वेळा आम्ही जिंकतो. शिक्षकाच्या आयुष्यात गणित असं चालत, बोलत समोर येत नाही. मी मुलीला त्याचा नंबर सांगितला. तिने मान हलवली.

पहिल्या दोन शाळांनी आपापसांत ठरवल्यासारखे मोठ्या नंबरांचे जोडीदार घेतले. आमचं नाव आलं. ती माइकपाशी गेली. गळ्यातल्या ओळखपत्राशी चाळा करत उभी राहिली, आणि मग स्वच्छ कानडीत कणकुंबीकडच्या त्या शाळेचं नाव घेतलं.

मला वाटलं, गोंधळली असेल, भाषा बदलताना नाव चुकलं असेल. मी उठून ओरडणार होते. पण तिने माझ्याकडे पाहिलं. ती गोंधळलेली नव्हती. ती दोन वेण्यांची मुलगी पायऱ्यांवरून धावत खाली आली, तिला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. त्यांचा रोबो त्या दिवशीही दर तीन सामन्यांत एकदा मधेच थांबत होता, आणि त्यांना कुणीही घेणार नव्हतं हे सगळ्या हॉलला माहीत होतं. आमच्यानंतर चौथ्या नंबरच्या शाळेने उरलेल्यांतून हुबळीचा तो बसका रोबो घेतला.

उपांत्य फेरीत दोन सामन्यांची बेरीज होती. पहिल्या सामन्यात कणकुंबीचा रोबो असा काही पळाला की मीसुद्धा जागेवरून उठून टाळ्या पिटल्या. आम्ही पुढे होतो. दुसऱ्यात निम्मा वेळ झाला आणि तो थांबला. त्यांची मुलगी बटणं दाबत राहिली, काही होईना. आमची एकटी खेळली. दात ओठावर रोवून, पेटीकडे आणि परत, पेटीकडे आणि परत. मी तिला इतकं सुंदर चालवताना कधी पाहिलं नव्हतं. थोडक्यात हरलो. चौथऱ्यावर कुणी एकदा जरी चढलं असतं तरी जिंकलो असतो. हुबळीचा बसका रोबो संध्याकाळपर्यंत चढत राहिला, आणि स्पर्धा त्या जोडीने जिंकली. म्हणजे आमचं गणित पास झालं. फळ मात्र दुसऱ्यांच्या ताटात पडलं.

कणकुंबीची मुलगी हुंदके देत आमच्या टेबलाशी आली. "आमच्यामुळं गेलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. आमच्या मुलीने तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

"रडू नगं," ती म्हणाली. "फिटलं आता."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोटार परत केली होती, कुंदा दिला होता, पण हिच्या लेखी तो दिवस उभाच राहिला होता.

परतीच्या बसमध्ये मला तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती आणि तिला जवळ घेऊन रडावंसंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही. खिडकीबाहेर उसाच्या गाड्या बघत बसले. मुलग्यांपैकी एकाने हळूच आपल्या डब्यातली चपाती तिच्या पुढे केली. तिने घेतली आणि खाल्लीही. मुलग्यांना राग आला नव्हता. राग फक्त मला आला होता, आणि तो वाढतच चालला होता.

दोन-तीन दिवसांनी मी बसने शेजारच्या वाडीत तिच्या घरी गेले. हरल्याचं वडिलांना कळलं होतं, का हरलो ते कळलं होतं की नाही ठाऊक नाही. सोप्यात बसवलं, आईने चहा दिला. मी सगळं सांगितलं. मनात कुठेतरी असं होतं की हा शेतातला माणूस आहे, हा म्हणेल, पोरीनं बरोबर केलं, आणि मग मी त्याच्यावर तरी चिडेन. पण ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

"पैरा?" तो म्हणाला. "आवं, पैरा रानातला, बाई. लावणीचा, भांगलणीचा. आमी अडाणी माणसं, हातात पैसा न्हाय म्हणून पैरा करतोय. शिक्षणात कसला पैरा? समद्या जगाला मागं सारून माणसं पुढं जात्यात, आन् ही पैरा फेडत बसली?" मग आतल्या दाराकडे बघून, आवाज चढवून, "कुणी सांगितलतं तुला? मी सांगितलतं?"

मग त्याचा आवाज उतरला. "ल्हान हुती तवा खांद्यावर घिऊन जायचो हिला पैऱ्याला," एवढं म्हणाला, डोळे पुसले, आणि कारखान्याला खेप आहे म्हणून उठून गेला. जाताना मला नमस्कार करायचं तो विसरला. त्याने पोरीला शाबासकी दिली असती तर मला बरं वाटलं असतं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते.

मला बसपर्यंत सोडायला ती आली. फाट्यावर पिंपरणीच्या झाडाखाली आम्ही दोघीच होतो. ऊन उतरलं होतं. मला गप्प राहवेना.

"मी पुन्हा आकडेमोड केली," मी म्हटलं. "हुबळीचा रोबो घेतला असता तर चारांत तीन वेळा आपण जिंकलो असतो. त्यांना घेऊन जेमतेम तीनांत एकदा. हे तुला मी आधी दाखवायला हवं होतं."

"तीनांत एक," ती म्हणाली. "मी बी काढलतं, बाई."

"कधी?"

"हुबळीवरनं येताना. बसमध्ये."

म्हणजे महिनाभर तिला ठाऊक होतं. मी आखत होते, खोडत होते, आनंदात होते, आणि ही तो आकडा मनात घेऊन रोज माझ्यासमोर सराव करत होती.

"मग? माहीत असून?"

"मला वाटलं, तीनांत एक म्हंजे अगदीच न्हाय असं न्हाय." तिने खाली बघितलं. "आन् चांगलं चालवलं तर जमंल, असं बी वाटलतं."

मला ते सहन झालं नाही. मी भांडल्यासारखी बोलू लागले. "अगं, पैरा माणसं का फेडतात? पुढच्या वर्षी तीच माणसं आपल्या रानात यावीत म्हणून. न फेडलं तर पुढच्या वर्षी कोण येणार, ही भीती असते. हे गणितातही आहे. जिथे पुन्हा पुन्हा गाठ पडते तिथे माणूस देणं फेडतो. शेवटच्या फेरीत कुणी फेडत नाही, कारण त्यानंतर गाठच पडणार नसते, कुणी जाब विचारणार नसतं. तुझी ही शेवटची फेरी होती. पुढच्या वर्षी तू शाळेत नाहीस. ती पोरगीही नाही. न फेडता निघून आली असतीस तर तुझं काय बिघडणार होतं?"

ती रस्त्याकडे बघत होती. वर्गात बघते तशीच, मी कुठे चुकले ते सांगायचं की नाही याचा विचार करत.

"म्हणूनच की, बाई," ती म्हणाली. "म्होरल्या वर्सी गाठ पडणार असती तर तवा फेडलं असतं. आता गाठच न्हाय पडायची. मग फेडणार कवा?"

माझ्या गणितात आणि तिच्या गणितात सगळं सारखं होतं, तेच आकडे, तीच शेवटची फेरी. फक्त त्याच ठिकाणाहून मी एका बाजूला वळत होते आणि ती दुसऱ्या. ती बरोबर होती असं मी इथे लिहिणार नाही. तिची जागा गेली, आणि ती तिला मिळायला हवी होती, यात माझ्या मनात आजही शंका नाही. पण मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला रडू फुटलं, भर फाट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत. ती गोंधळली. बाईंना रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. ओढणीच्या टोकाने माझे डोळे पुसावेत की नाही, अशी हात अर्धवट उचलून उभी राहिली.

बस लांबवर वळणावर दिसायला लागली. ती तिकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, कॉमर्सला गणित असतंय न्हवं?"

"असतं," मी म्हणाले. "थोडं असतं."